शिकाऊ उमेदवारीनंतर कायम नोकरी मिळते का?

प्रश्न : आयटीआयमधून फिटर झालेल्या मुलाने शिकाऊ उमेदवारी पूर्ण केल्यास त्याला कायम करणे कारखान्यावर बंधनकारक असते का?

उत्तर : नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार अप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, म्हणून त्याला वेतन नव्हे तर विद्यावेतन मिळते. आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर उमेदवारांच्या भरतीचे धोरण मालकाने स्वतः ठरवावे, असे कायदा सांगतो. कंत्राटी कामगारांसह ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना त्या संख्येच्या अडीच ते १५ टक्के उमेदवार घ्यावे लागतात, हे बंधन मात्र पक्के आहे.

उमेदवारांना स्वस्तातले मनुष्यबळ म्हणून राबवणारे कारखाने आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही वर्कशॉपात व्हाइसमध्ये पकडलेल्या जॉबवर कानस मारणे आणि उत्पादन खोळंबलेले असताना यंत्राचे झिजलेले बेअरिंग उतरवून नवे बसवणे यांतील अंतर आयटीआय भरून काढू शकत नाही, ते कारखान्यातच भरते. नोंदणीकृत करार आणि अखेरच्या परीक्षेनंतरचे राष्ट्रीय प्रमाणपत्र यांवर मात्र उमेदवाराने अडून बसावे, कारण रेल्वेच्याच आस्थापनांत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वे स्तर-१ च्या थेट भरतीत २० टक्के जागा राखते, आणि तेथेही लेखी परीक्षा चुकत नाही.