उष्णता आणि आपल्या घरातील औषधे

औषधाच्या वेष्टनावर छापलेली मुदत बिनशर्त नसते. लेबलवर सांगितलेल्या तापमानात औषध ठेवले असेल, तरच त्या तारखेपर्यंत त्याचा गुण टिकतो. ‘३० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ठेवावे’ ही बारीक अक्षरांतील सूचना त्यामुळे तारखेइतकीच महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात देशाच्या मोठ्या भागात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा वेळी पत्र्याच्या छपराखालील फळीवर ठेवलेले औषध मुदत संपण्यापूर्वीच निकामी होऊ शकते.

याचे कारण रसायनशास्त्रात आहे. उष्णता वाढली की रेणूंची हालचाल वाढते व त्यांचे विघटन वेगाने होते. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये हा संबंध गणिताने मांडला. ढोबळ मानाने, तापमान १० अंशांनी वाढले की विघटनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. ॲस्पिरिन हे याचे परिचित उदाहरण. दमट व उष्ण हवेत त्याचे सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल यांत विघटन होते. जुन्या बाटलीला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो यामुळेच. सर्वच औषधे इतकी नाजूक नसतात. परंतु बहुतेकांच्या बाबतीत वास, रंग वा चव यांपैकी काहीही न बदलता गुण कमी होतो, म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबू नये.

औषधे कोठे ठेवावीत

स्वयंपाकघरातील शेगडीजवळची फळी, फ्रिजचा किंवा टीव्हीचा माथा, न्हाणीघर, उन्हाची खिडकी आणि स्कूटरची डिकी या जागा अयोग्य होत. उन्हात उभ्या मोटारीत तर बाहेरच्याहून कितीतरी अधिक उष्णता साठते. घरातील आतल्या खोलीतील कपाटाचा खालचा, परंतु मुलांचा हात न पोहोचणारा व कुलूप लावता येणारा कप्पा बरा.

लेबलवरील शब्दही नीट वाचावेत. भारतीय औषधकोशानुसार ‘कूल’ म्हणजे ८ ते २५ अंश, तर ‘कोल्ड’ म्हणजे साधारणतः २ ते ८ अंश, अर्थात फ्रिज. हे दोन शब्द एकच समजून सर्व औषधे सरसकट फ्रिजमध्ये कोंबण्याची आपल्याकडे सवय आहे. गोळ्यांना त्याचा लाभ नाही. उलट पाकीट बाहेर काढल्यावर धरणारा ओलावा त्यांना बाधतो.

पाण्यात कालवलेले औषध कोरड्या औषधापेक्षा लवकर बिघडते. मुलांच्या प्रतिजैविकाची भुकटी पाण्यात मिसळली की ते औषध थोडेच दिवस टिकते. किती, हे लेबलवर पाहावे. ओआरएसचे तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी

इन्सुलिन हे प्रथिन आहे. अतिउष्णतेने त्याची रचना बिघडते आणि गोठल्यानेही बिघडते. गोठून पुन्हा वितळलेले इन्सुलिन वापरू नये. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावी. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत सुमारे २८ दिवस फ्रिजबाहेर चालते, मात्र तापमान २५ ते ३० अंशांवर जाता कामा नये. प्रकारानुसार हे दिवस बदलतात, म्हणून आतील माहितीपत्रक पाहावे व कुपी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी.

घरी फ्रिज नसल्यास मातीच्या मोठ्या भांड्यात ओली वाळू भरून तिच्यात लहान मडके बसवावे. कुपी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालून त्या मडक्यात ठेवावी आणि वर ओले फडके झाकावे. पाण्याच्या बाष्पीभवनाने आतील तापमान उतरते. कोरड्या हवेच्या प्रदेशांत हा उपाय उत्तम चालतो, किनाऱ्याच्या दमट हवेत कमी. मडके फ्रिजइतके थंड होत नाही, तेव्हा अनेक महिन्यांचा साठा त्यात करू नये. प्रवासात इन्सुलिन बर्फाला थेट टेकू देऊ नये.

स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले, किंवा दुधाळ प्रकारात हलवल्यानंतरही गुठळ्या राहिल्या, तर ती कुपी बाद समजावी. नेहमीच्या मात्रेने साखर उतरत नसेल, तर मात्रा स्वतःहून वाढवू नये. कुपी उन्हात राहिली होती काय, याचा आधी विचार करावा आणि डॉक्टरांना तसे सांगावे. नव्या, चांगल्या कुपीतून तीच वाढीव मात्रा घेतली गेल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

लसीकरणाच्या वेळी

लसीच्या अनेक बाटल्यांवर एक वर्तुळ व त्यात चौकोन छापलेला असतो. उष्णता साठत जाते तसा चौकोन गडद होतो. तो वर्तुळाहून फिका असेल तोवर उष्णतेच्या दृष्टीने लस वापरण्यायोग्य. वर्तुळाइतका किंवा अधिक गडद झाल्यास ती बाद. ही खूण दाखवण्याची विनंती पालकांनी आरोग्यसेविकेस निःसंकोच करावी.

औषधाविषयी शंका आल्यास

हृदयविकार, अपस्मार, थायरॉइड किंवा मधुमेह यांची औषधे केवळ शंकेपोटी बंद करू नयेत. वेष्टनासह ती त्याच दिवशी औषध विक्रेत्याकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावीत, आणि ती कोठे व किती दिवस ठेवली होती, हे तेथे स्पष्ट सांगावे.