ट्यूबलाइट, पेशंट आणि लॉग-रँक

समजा दोन कंपन्यांच्या ट्यूबलाइट आपण टेस्टला लावल्या. टेस्ट संपली तरी काही चालूच आहेत. त्यांचं आयुष्य किती धरायचं? डॉक्टरांनाही हाच प्रश्न पडतो, पण तिथे ट्यूबच्या जागी माणूस असतो.

पाथर्डीचा एखादा पेशंट मुंबईत उपचार घेऊन दोन वर्षं तपासणीला गेला, मग ऊसतोडीला गेला तो परत फिरकलाच नाही. त्याला यादीतून काढलं तर दोन वर्षांची माहिती वाया जाते. मेला धरलं तर ते खोटं. म्हणून तो दोन वर्षांपर्यंत हिशेबात, पुढे नाही. याला सेन्सॉरिंग म्हणतात. मात्र तब्येत ढासळल्यामुळेच तो आला नसेल, तर गणित चुकतं.

आता लॉग-रँक चाचणी. प्रत्येक मृत्यूपाशी थांबायचं. समजा त्या दिवशी अ गटात 10 आणि ब गटात 5 जण हिशेबात आहेत, आणि एक दगावला. उपचार सारखेच असते तर अ गटाच्या वाट्याला 10/15, म्हणजे 0.67 मृत्यू आणि ब गटाच्या 0.33. अशी शेवटपर्यंत बेरीज करायची. अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांत तफावत मोठी असेल, तर तो निव्वळ योगायोग म्हणणं अवघड.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर हेच तपासलं: मानेतल्या ग्रंथी आधीच काढाव्यात, की आजार तिथे पोचल्यावर? 2015 च्या निकालात 500 पेशंट होते. तीन वर्षांनी हयात: आधी काढलेल्यांत 80 टक्के, थांबलेल्यांत 67.5. लॉग-रँकचा पी 0.01.

घरातलं कोणी तपासणीला जायचं टाळत असेल, तर सोबत जा. त्यांच्यासाठीही, आणि त्यांच्यानंतरच्या पेशंटसाठीही.