नऊ हजार फेऱ्यांचा हिशेब

शाळेत असताना इंजिनाची ताकद म्हणजे त्याचा आकार, अशी माझी साधी समजूत होती. ट्रकचे इंजिन मोठे म्हणून ताकदवान, स्कूटरचे लहान म्हणून दुबळे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यापलीकडे जाण्याचे काही कारणही नव्हते. परंतु गेली दोन वर्षे उद्यमबागेतील माझ्या मामांच्या वर्कशॉपचा जमाखर्च मी संध्याकाळी लिहितो. तेथे इंजिने खोलून, बोअर करून, क्रँक ग्राइंड करून पुन्हा बांधली जातात. एकदा एका अंदाजपत्रकावरून माझा आणि मामांचा मतभेद झाला आणि त्यातून जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. वेगाने फिरणारे, ताकदवान आणि तरीही टिकणारे मोटारीचे इंजिन कसे बांधतात, हा लेखाचा विषय. तो इंजिनिअरिंगचा खरा. पण हिशेबाच्या अंगाने गेल्यास आपल्यालाही उमगतो.

उलाढाल आणि नफा

इंजिनाची शक्ती दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते. एक, क्रँकशाफ्टला मिळणारा पीळ, म्हणजे टॉर्क. दुसरी, मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या. टॉर्क हा नगामागचा नफा समजावा आणि फेऱ्या ही उलाढाल. सराफाचे गिऱ्हाईक थोडे, पण नगामागे नफा मोठा. किराणा दुकानदार नगामागे थोडके ठेवतो, मात्र माल भराभर फिरवतो. वर्षाअखेरीस दोघांचीही मिळकत सारखी होऊ शकते.

टर्बोचार्जर न लावता दोन लिटरच्या इंजिनाचा टॉर्क फारसा वाढवता येत नाही, कारण सिलिंडरमध्ये मावणारी हवा ठरलेली असते. तेव्हा उरतो मार्ग उलाढालीचा, म्हणजे फेऱ्या वाढवण्याचा.

या मार्गाचे नामांकित उदाहरण जपानचे आहे. होंडा कंपनीने १९९९ साली आपल्या पन्नाशीच्या निमित्ताने एस-२००० ही दोन आसनी मोटार बाजारात आणली. तिच्या इंजिनाचे नाव एफ-२०-सी. चार सिलिंडर, ८७ मिलिमीटर बोअर, ८४ मिलिमीटर स्ट्रोक, एकूण १९९७ घनसेंटिमीटर. जपानमधील आवृत्ती ८३०० फेऱ्यांना २५० अश्वशक्ती देत असे, म्हणजे टर्बोवाचून लिटरमागे १२५. फेऱ्यांची लाल रेषा होती ९००० वर. टॉर्क मात्र ७५०० फेऱ्यांना सुमारे २१८ न्यूटन-मीटर, म्हणजे दोन लिटरच्या इतर चांगल्या इंजिनांहून थोडाच अधिक. सारी करामत उलाढालीची होती. विशेष म्हणजे हे शर्यतीपुरते बांधलेले इंजिन नव्हते. रोज कामावर नेण्याच्या मोटारीत ते बसवलेले होते आणि वर्षानुवर्षे टिकेल या बोलीने विकलेले होते.

घसारा कसा वाढतो

उलाढाल वाढली की घसारा वाढतो, हे आपण पुस्तकातही शिकतो. परंतु येथे तो सरळ प्रमाणात वाढत नाही.

मिनिटाला ९००० म्हणजे सेकंदाला १५० फेऱ्या. प्रत्येक फेरीत पिस्टन वर जाऊन थांबतो आणि खाली येऊन थांबतो, म्हणजे सेकंदाला ३०० वेळा थांबणे आणि उलट फिरणे. एका फेरीत तो १६८ मिलिमीटर धावतो. त्यावरून त्याचा सरासरी वेग सेकंदाला २५.२ मीटर, म्हणजे तासाला नव्वद किलोमीटर येतो. तुलनेसाठी आपल्या ओळखीच्या मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे इंजिन घ्या. त्याचा स्ट्रोक ७२ मिलिमीटर. ते ५५०० फेऱ्यांना नेले तर हाच वेग १३.२ मीटर भरतो.

आता पिस्टन वरच्या टोकाला थांबवून पुन्हा खाली ओढण्याचा भार पाहू. हा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेऱ्या दुप्पट केल्या तर ओढ चौपट. वरील होंडा इंजिनात ९००० फेऱ्यांना वरच्या टोकाशी पिस्टनचे प्रवेगमान गुरुत्वाकर्षणाच्या साडेचार हजार पटींहून अधिक होते. पिस्टन, पिन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून अर्धा किलो वजन धरले, तरी ओढ सव्वादोन टनांच्या वर जाते. तेच इंजिन ४५०० फेऱ्यांवर चालवले तर ती साडेपाचशे किलोंच्या आसपास राहते.

ही ओढ सर्वांत जाचक केव्हा असते? धूर बाहेर टाकून पिस्टन वर पोचतो तेव्हा. स्फोटाच्या वेळी वायूचा दाब पिस्टनला खाली रेटतो, त्यामुळे रॉडवरची ओढ काहीशी भागते. धूर निघून गेल्यावर तो आधार नसतो. सगळा भार रॉड आणि त्याचे दोन बोल्ट एकटे सोसतात. लाल रेषेवर हे तासाला दोन लाख सत्तर हजार वेळा घडते.

धातू एका ओढीने तुटत नाही, तो थकतो. पोलादाचा स्वभाव बराचसा क्षमाशील आहे: ठरावीक मर्यादेखालचा ताण तो जवळजवळ कितीही वेळा सोसतो. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. त्याच्या खात्यात लहानातला लहान ताणही नावे पडतो. म्हणून पिस्टनला आयुष्य असते आणि पोलादी रॉडला, नीट बांधला तर, इंजिनाइतकेच आयुष्य मिळू शकते. प्रश्न उरतो तो 'नीट' या शब्दाचा.

बांधणारा काय करतो

पहिली गोष्ट, हलणारे वजन कमी करणे. पिस्टनमधले दहा ग्रॅम वाचले की ९००० फेऱ्यांना रॉडवरची चाळीस-पंचेचाळीस किलोंची ओढ वाचते. स्ट्रोक आखूड ठेवणे हा त्याचाच दुसरा भाग. होंडाने २००४ मध्ये अमेरिकेसाठी याच इंजिनाचा स्ट्रोक ९०.७ मिलिमीटर केला, तेव्हा आकारमान २१५७ घनसेंटिमीटर झाले आणि लाल रेषा ८००० वर आणावी लागली. नगामागचा नफा वाढवला, उलाढाल कमी केली.

दुसरी, धातू आणि त्याचा पृष्ठभाग. एफ-२०-सी मध्ये पिस्टन आणि रॉड घडीव, म्हणजे फोर्ज केलेले आहेत. पण घडीव रॉडवरही एखादा ओरखडा राहिला तर थकव्याची चीर तेथूनच सुरू होते. म्हणून रॉड गुळगुळीत करतात, बारीक छऱ्यांचा मारा करून त्याची कातडी दाबून घेतात, क्रँकच्या कोपऱ्यांना गोलाई ठेवतात, आणि चुंबकीय पावडर टाकून डोळ्यांना न दिसणारी चीर शोधतात.

तिसरी, तेल. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, त्यावर क्रँक अक्षरशः तरंगतो. थरासाठी जागा ठेवावी लागते. ढोबळ नियम असा, की शाफ्टच्या व्यासाच्या एक हजारांश. ५० मिलिमीटर शाफ्टला ०.०५ मिलिमीटर. जागा कमी पडली तर तेल तापते, जास्त झाली तर दाब पडतो. तेलाचा दाब हजार फेऱ्यांमागे दहा पौंड असावा, असाही जुना आडाखा आहे. वळणावर चेंबरमधले तेल एका बाजूला जाऊन पंपाने क्षणभर हवा ओढली, तर पुढचे सांगायला नको.

चौथी, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. ९००० फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो आणि मिटतो. उघडण्याचे काम कॅम करतो. मिटवण्याचे काम स्प्रिंगचे. स्प्रिंग मागे पडली की व्हॉल्व्ह अधांतरी राहतो आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो. यावर रेनोने १९८६ मध्ये शर्यतीच्या इंजिनात पोलादी स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूची योजना केली. रस्त्यावरच्या मोटारीत स्प्रिंगच वापरतात, म्हणून व्हॉल्व्ह आणि रिटेनर हलके करावे लागतात. होंडाने आणखी एक युक्ती केली: सुमारे ६००० फेऱ्यांपर्यंत सौम्य कॅम, त्यापुढे उंच कॅम, म्हणजे इंजिनाला गावातही शांत चालता यावे आणि वर मोकळा श्वास घेता यावा.

पाचवी, मापांची खातरजमा. रिंगेच्या दोन टोकांमधील फट व्यासाच्या सुमारे चार हजारांश, म्हणजे ८७ मिलिमीटरला ०.३५ मिलिमीटर. ती कमी ठेवली तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडून रिंग मोडते. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातली जागा पाहण्यासाठी पिस्टनवर मऊ माती थापून इंजिन हाताने फिरवतात आणि मातीची जाडी मोजतात. एवढ्या मोठ्या कामात शाळकरी मुलांची माती उपयोगी पडते, याची मला गंमत वाटली.

आठ बोल्टांची गोष्ट

आता मूळ प्रसंगाकडे येतो. एक तरुण गिऱ्हाईक आपल्या मोटारीचे चार सिलिंडरचे इंजिन घेऊन आले. लाल रेषा ६५०० ची होती, त्यांना ८००० हवी होती. मामांनी यादी सांगितली, मी आकडे मांडले. रक्कम ऐकून गिऱ्हाईकाचा चेहरा उतरला. त्यांना थांबवण्यासाठी मी हुशारी केली आणि यादीतील रॉडचे बोल्ट, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा व चिरांची तपासणी या तीन ओळी खोडल्या. जुना माल चांगला दिसत होता. रक्कम जवळजवळ एक तृतीयांश कमी झाली.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी जुने आठ बोल्ट पुसून माझ्यापुढे ठेवले आणि मायक्रोमीटर हातात दिले.

"मोज आणि लिही."

मी मोजले. सहा सारखे भरले. दोन एक दशांश मिलिमीटरहून जास्त लांब होते.

"डोळ्याला आठही सारखेच की रे," मामा म्हणाले.

"मग एवढे दोनच बदलू या, मामा."

"बाकीचे सहा उद्या लांबणार नाहीत, हे तू लिहून देतोस?"

नंतर त्यांनी समजावले. बोल्ट हा कडक स्प्रिंगसारखा असतो. तो ताणून बसवला आणि त्याची पकड पिस्टनच्या ओढीहून जास्त ठेवली, तर दर फेरीचा चढउतार बोल्टला फारसा जाणवत नाही. पकड सैल झाली की प्रत्येक ओढ त्याच्यावर पूर्ण पडते आणि तो थकतो. कायमचा लांबलेला बोल्ट ती पकड देऊ शकत नाही. टॉर्क रेंचवरही पूर्ण विसंबता येत नाही, कारण लावलेल्या जोराचा सुमारे नऊ दशांश भाग आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो. म्हणून चांगला कारागीर बोल्ट आवळताना तो किती लांबला हे मोजतो.

मी वर्गाचा हिशेब केला. ६५०० वरून ८००० म्हणजे फेऱ्यांत २३ टक्के वाढ, पण ओढीत ५१ टक्के. मी खोडलेल्या तिन्ही ओळी नेमक्या या जादा ५१ टक्क्यांच्या वाटेवर होत्या.

खोडलेल्या ओळी पुन्हा लिहिल्या. गिऱ्हाईक इंजिन घेऊन दुसरीकडे गेले आणि त्या महिन्याची आमची जमेची बाजू रोडावली. मला मामांचा रागही आला होता. चार महिन्यांनी तेच इंजिन परत आले. रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला होता. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दोष बोल्टाचाच होता काय, असे मी विचारले. मामा म्हणाले, "एवढ्या तुकड्यांत आधी काय मोडलं, कोण सांगणार?" चुकून खालचा गिअर पडला असेल, तरीही असेच होते. फेऱ्यांवर पहारा ठेवणारी यंत्रणा पेट्रोल तोडते, पण चाकेच इंजिनाला फिरवू लागली तर ती काही करू शकत नाही.

दुसरा ब्लॉक आणून इंजिन नव्याने बांधायचे ठरले. मामांनी लाल रेषा ७००० सुचवली. ओढीत १६ टक्के वाढ. ती झेपण्यासारखी होती. गिऱ्हाईकाने मान्य केले. या वेळी यादीतील एकही ओळ मी खोडली नाही. शिवाय एक नवी वही घातली आहे. तिच्यात प्रत्येक बोल्टची आवळण्यापूर्वीची आणि नंतरची लांबी, प्रत्येक पिस्टनचे वजन आणि प्रत्येक बेअरिंगची फट लिहितो. इंजिन पुन्हा खोलले जाईल तेव्हा जुन्या आणि नव्या आकड्यांतील फरक हाच त्याचा खरा घसारा असेल.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला काटकसर शिकवतात ती योग्यच. पण कोणत्या ओळीवर किती भार येतो हे जाणल्याशिवाय ती ओळ खोडू नये, एवढे मी या कामातून घेतले.

ते बोल्ट आवळायला मामांनी मलाच बसवले. शेजारी आमचे कन्नड भाषक मिस्त्री उभे होते. मी घाई करू लागलो की ते म्हणत, "निधान, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. त्या संध्याकाळी आठ बोल्टांना मला दीड तास लागला.