बांधावरचा काळा दगड

शेताच्या बांधावर काळा दगड पडलेला असतो. आपण त्यावर टेकतो, विळ्याला धार लावतो आणि उठून कामाला लागतो. दगडात काय वाचायचे आहे, असे कोणीही म्हणेल. पण हा एक दगड पुरता कळायचा, तर तीन-चार तऱ्हेची पुस्तके उघडावी लागतात. कशी, ते पाहू या.

आधी विज्ञानाचे पुस्तक घेऊ. ते सांगते, की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली. भेगांतून वितळलेला खडक वर आला. तो काकवीसारखा दूरवर पसरला आणि थिजला. काही काळाने पुन्हा नवा रस आला. तो आधीच्या थरावर पसरला. भाकरींची चवड रचावी, तसे थरावर थर बसले. घाटातून एस.टी.ने जाताना डोंगराला पायऱ्या पायऱ्या दिसतात ना? त्या याच थरांच्या. पूर्व विदर्भ आणि दक्षिण कोकणातला काही भाग सोडला, तर बहुतेक महाराष्ट्र याच दगडावर बसला आहे. आपली कपाशीची काळी जमीन म्हणजे हाच दगड झिजून झालेली माती.

एक थर निवाला, की दुसरा येईपर्यंत कधी कधी पुष्कळ काळ जाई. तेवढ्यात तिथे तळी साचत, झाडे उगवत, गोगलगायी होत. मग नवा रस येऊन सगळे गाडून टाकी. नागपूरच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये त्या गोगलगायींचे शंख सापडतात. त्यांचाही आता दगड झाला आहे.

हे सगळे कळून आम्हाला काय उपयोग, असे कोणी विचारील. मग विहिरीचे घ्या. थराचा मधला भाग घट्ट कातळ असतो. त्यात पाणी मुरत नाही. वरचा भाग भोकाभोकांचा आणि ठिसूळ असतो. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. मुरूम, झिजलेला मांजऱ्या आणि कातळाच्या भेगा, इथेच पाणी साठते. म्हणून एकाच्या विहिरीला पाणी लागतं आणि बांधापलीकडची कोरडी जाते. लोक पाणाड्याला बोलावतात. तळहातावरचा नारळ उभा राहिला की खाली पाणी, असे तो सांगतो. आम्हाला विचाराल, तर नारळाच्या भरवशावर कर्ज काढू नये. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची कचेरी असते. तिथे आपल्या शिवारातल्या खडकाची चौकशी करावी, आणि ते देतील तो कागद दुसऱ्याकडून न वाचवता स्वतः वाचावा. तज्ज्ञाचाही अंदाज कधी चुकतो. पण तो निदान दगड पाहून बोलतो.

आता इतिहास. याच दगडात आपल्याकडे शेकडो लेणी कोरली गेली. नाशिकजवळच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरू नये, एका जागी राहावे, असा त्यांचा नियम होता. त्यांना निवारा देणे हे पुण्य मानले जाई. ते पुण्य राजालाच मिळते असे नव्हते, कोणालाही मिळे. हा विचार कळला, म्हणजे तिथले लेख नीट उमगतात. एक लेणे सातवाहन घराण्यातल्या गौतमी बलश्री राणीने दिलेले आहे. त्याच डोंगरात दुसरे एक लेणे मुगुदास नावाच्या कोळ्याने, घरच्या मंडळींसह, दिलेले आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या संघाने लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. राजाराणीची नावे पुष्कळ ठिकाणी राहतात. कोळ्याचं नाव राहिलं ते दगडावर लिहिलं म्हणून!

पण लिहिलेले वाचणारा हवा. ते लेख ब्राह्मी लिपीत आहेत. पुढे अक्षरांची वळणे बदलत गेली. जुनी वळणे कोणालाच ओळखता येईनात. हजारावर वर्षे लेख डोळ्यांसमोर होते, पण वाचणारा नव्हता. मग लोक म्हणू लागले, ही पांडवांनी कोरली. नाशिकच्या लेण्यांना अजून पांडवलेणीच म्हणतात. मुगुदासाचे श्रेय असे पांडवांना गेले! पुढे जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रजाने १८३७ साली ब्राह्मीची अक्षरे उलगडली. त्यानंतर देशभरचे असे लेख बोलू लागले.

आपली बाळबोध अक्षरे याच ब्राह्मीतून, हळूहळू बदलत, आली आहेत. ब्राह्मीतला ‘ठ’ म्हणजे नुसता गोल. आपल्या ‘ठ’मध्ये तो गोल अजून आहे. ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे बेरजेची खूण, एक उभी रेघ आणि एक आडवी. नाशिकला जाणे झाले, तर डोंगर चढून जा आणि भिंतीवर तो ‘क’ शोधा. तिथे त्याची उभी रेघ जरा लांबट दिसेल.