वीस हजारांचा गेमिंग लॅपटॉप शेवटी कितीला पडतो?

डिप्लोमा-इंजिनिअरिंगचे प्रवेश उरकले की बारामतीच्या विद्यानगरीपासून इंदापूरपर्यंत पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका छापाचे मेसेज फिरू लागतात. ‘आय-सेव्हन, 16 जीबी रॅम, ग्राफिक कार्ड, कंडिशन एक नंबर, अर्जंट विकणे, 20,000 फायनल.’ घरी मुलगा सांगतो, अभ्यासाला लॅपटॉप लागणारच, नवा साठ हजारांचा आहे, हा वीसला मिळतोय. गेमचं नावही निघत नाही, पण ‘ग्राफिक कार्ड’ हा शब्द काही ऑटोकॅडसाठी आलेला नसतो. आईवडिलांनी तेवढं ओळखावं आणि रागवायच्या आधी हिशेब करावा. जुना लॅपटॉप गेमसाठी घेण्यात गैर काही नाही. फक्त वीस हजार हा सौद्याचा आकडा असतो, खर्च त्यानंतर सुरू होतो.

पैशाच्या आधी एक प्रश्न विचारा : खेळायचं काय आहे? बीजीएमआय किंवा फ्री फायर असेल तर विषय संपला. ते मोबाइलचे गेम आहेत, त्यांच्यासाठी लॅपटॉप घेऊ नका. क्रिकेट 07, जीटीए सॅन अँड्रियास, 2005 चा मोस्ट वाँटेड यांना ग्राफिक कार्डच लागत नाही. कंपन्यांमधून निघालेला, रिफर्बिश्ड म्हणून मिळणारा बारा-पंधरा हजारांचा ऑफिस लॅपटॉप हे गेम आरामात चालवतो आणि अभ्यासालाही पुरतो. प्रश्न पडतो तो मधल्या गेमचा, म्हणजे व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह, काउंटर-स्ट्राइक 2 यांचा. गेल्या दोन-तीन वर्षांत आलेले मोठे, देखणे गेम हवे असतील तर तीस-पस्तीस हजारांत ते नीट चालणार नाहीत, हे मुलाला आधीच सांगून टाका.

आता तो ‘आय-सेव्हन’, म्हणजे इंटेलचा प्रोसेसर. या शब्दावर जितके पैसे वाया गेलेत तितके दुसऱ्या कशावर गेले नसतील. आय-सेव्हन 4600यू हाही आय-सेव्हनच आहे, पण चौथ्या पिढीचा आणि दोनच कोअरचा. आय-फाइव्ह 8300एच आठव्या पिढीचा, चार कोअरचा, आणि गेममध्ये त्याच्या कितीतरी पुढे. नावातला पहिला आकडा पिढी सांगतो (10 पासून पुढे पहिले दोन), आणि शेवटचं अक्षर जात सांगतं : यू म्हणजे वीज वाचवणारा, एच किंवा एचक्यू म्हणजे ताकदीचा. स्टिकरवर जाऊ नका, स्टिकर दहा रुपयांत मिळतो. लॅपटॉप चालू करून सिस्टिममध्ये पूर्ण नाव वाचा, आणि शक्यतो आठव्या पिढीच्या खाली उतरू नका.

आठव्या पिढीचा आग्रह का, तर विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाला, आणि विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टची इंटेल प्रोसेसरची यादी काही मोजके अपवाद सोडता आठव्या पिढीपासून सुरू होते. एएमडीचा लॅपटॉप असेल तर साधारण रायझन 3000 मालिकेपासून. विक्रेता म्हणेल, ‘त्यात काय, आम्ही जुन्यावरही अकरा टाकून देतो.’ टाकता येतं, खोटं नाही. पण विंडोज 11 वर व्हॅलोरंटला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. नसतील तर गेम सुरूच होत नाही. चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. खरी हळहळ वाटते ती आय-सेव्हन 7700एचक्यू आणि जीटीएक्स 1060 वाल्या सातव्या पिढीच्या लॅपटॉपबद्दल. अंगात दम आहे, पण नाव यादीत नाही. असा कुणी 18,000 च्या आत देत असेल आणि फक्त जीटीए फाइव्ह खेळायचा असेल तरच विचार करा.

ग्राफिक कार्डाचीही तीच कथा. 940एमएक्स, एमएक्स130, एमएक्स150, एमएक्स250 ही सगळी ‘ग्राफिक कार्ड’च आहेत, विक्रेता खोटं बोलत नसतो. पण ती गेमची कार्डं नव्हेत. गेमची सुरुवात जीटीएक्स 1050 पासून, तेही 4 जीबीवालं. त्यातही एक मेख आहे. एनव्हिडियाने जीटीएक्स 900 आणि 1000 मालिकांना नव्या गेमसाठी ड्रायव्हर देणं ऑक्टोबर 2025 नंतर थांबवलं, आता त्यांना फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील, तेही ऑक्टोबर 2028 पर्यंत. जीटीएक्स 1650 या कात्रीतून सुटलं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : आज पैसे घालायचे तर 1650 वर घाला. 1050 चांगलंच स्वस्त मिळत असेल तर ठीक. लॅपटॉपचं कार्ड बोर्डावरच बसवलेलं असतं, पुढे बदलता येत नाही. रॅम आणि एसएसडी बहुतेक मॉडेलमध्ये बदलता येतात. त्यामुळे ‘रॅम कमी आहे’ म्हणून चांगलं कार्ड सोडू नका आणि ‘रॅम 16 आहे’ म्हणून रद्दी कार्ड घेऊ नका.

आता पैसे. पुढचे आकडे ढोबळ आहेत, मॉडेलप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील. आठवी पिढी आणि 1050 वाला लॅपटॉप 20 ते 26 हजार, 1650 वाला 28 ते 36 हजार. समजा, वीस हजारांचा घेतला. बॅटरी मेलेली असते, बरी कम्पॅटिबल बॅटरी 3,000. आत जुनी हार्ड डिस्क निघाली तर 500 जीबीची एसएसडी 4,500. रॅम आणि एसएसडीचे भाव 2025 च्या अखेरीपासून चढले आहेत, त्यामुळे मित्राने मागच्या वर्षी दिलेला आकडा धरू नका, त्या दिवशीचा विचारा. उघडून साफसफाई आणि थर्मल पेस्ट 800. कूलिंग पॅड 900. माउस-हेडफोन 1,200. झाले 30,400. चार्जर डुप्लिकेट किंवा कमी वॉटचा निघाला तर आणखी दोन हजार. बिजागरी तुटलेली असेल तर तिचे वेगळे, आणि ती तुटताना बहुधा वरचं कव्हरही घेऊन जाते. म्हणजे तेवढ्याच पैशांत 1650 वाला, एसएसडी असलेला, बऱ्या बॅटरीचा लॅपटॉप आला असता. सौदा करताना एकच रेघ धरा : भाव अधिक काम मिळून नव्या गेमिंग लॅपटॉपच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. नवा आरटीएक्स 3050 वाला साठ हजारांच्या आसपास धरला, तर तुमची रेघ तीस-बत्तीस हजारांवर येते. त्याच्या वर जात असाल तर थांबून पैसे साठवलेले बरे.

आपल्या भागाचे म्हणून काही खर्च असतात, ते पुण्या-मुंबईचे यूट्यूबवाले सांगत नाहीत. पहिला नेटचा. काउंटर-स्ट्राइक 2 ला 85 जीबी जागा लागते, जीटीए फाइव्ह 100 जीबीच्या घरात जातो. गावात फायबर असेल तर रात्रीत उतरेल. वस्तीवर मोबाइलचा रोजचा 2 जीबी डेटा असेल तर काउंटर-स्ट्राइक उतरायला दीड महिना, आणि त्या दीड महिन्यात घरात दुसऱ्या कुणी नेट वापरायचं नाही. दुसरा खर्च विजेचा. लोक स्टॅबिलायझर घ्यायला धावतात, त्याची गरज नसते. चार्जरवर बारीक अक्षरात 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे लाईट डिम झाली तरी तो निभावून नेतो. त्याला मारतो तो लाईट परत येतानाचा झटका, त्यासाठी पाच-सातशेचा चांगला स्पाइक गार्ड पुरे. लाईट गेल्यावर बॅटरीवर गेम खेळू, हे मात्र विसरा. बॅटरीवर ग्राफिक कार्ड स्वतःच हात आखडतं आणि जुनी बॅटरी अर्धा-पाऊण तासात मान टाकते. बिलाचं म्हणाल तर खेळताना दीडशे वॉट धरा, रोज चार तास म्हणजे महिन्याला 18 युनिट. फार नाही. चार तास फार आहेत, पण तो घरचा प्रश्न.

तिसरी गोष्ट उष्णता आणि धूळ. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत गेमिंग लॅपटॉप चालवणं म्हणजे पंख्याला गरमच हवा पाजणं. साखर कारखान्याजवळ राहणाऱ्यांना गळीत हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काजळी माहीत आहे. तीच पंख्याच्या जाळीत जाऊन बसते. वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर आणि उन्हाळा तापण्याआधी, लॅपटॉप उघडून साफ करून घ्या. पाच-सातशे जातात, बोर्ड वाचतो.

आता प्रत्यक्ष वस्तू हातात आल्यावर काय बघायचं. आपल्याकडे जुना ट्रॅक्टर घेणारा माणूस रंगाकडे बघत नाही, मीटरवरचे तास बघतो. लॅपटॉपलाही तास असतात. क्रिस्टल डिस्क इन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम चालवला की डिस्क किती तास चालली आणि तिची तब्येत कशी आहे, ते दिसतं. विक्रेत्याने डिस्क नुकतीच बदलली असेल तर हे तास खोटे ठरतील. मग कीबोर्डकडे बघा. बाकीची बटणं खरखरीत आणि डब्ल्यू, ए, एस, डी एवढी चारच गुळगुळीत झाली असतील, तर त्यावर भरपूर गेम झालाय. तेवढ्याने नाकारू नका, भाव पाडा.

लॅपटॉप सपाट काचेवर ठेवा. डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर उचललेलं दिसत असेल तर आत बॅटरी फुगली आहे, ती असेपर्यंत चार्जिंगला लावूसुद्धा नका. खालच्या स्क्रूची तोंडं चुरगळलेली असतील तर तो आधी उघडला गेलाय. का उघडला, ते विचारा, आणि उत्तरात ‘रिबॉल’ शब्द आला तर नमस्कार करून निघा. गरम करून जागेवर बसवलेली चिप किती दिवस टिकेल, हे दुकानदारही सांगू शकत नाही. झाकण एका हाताने सावकाश उघडा. बिजागरीजवळ करकर झाली किंवा प्लॅस्टिक फाकलं तर दोन-तीन हजार वजा करा.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून स्लॅशचं चिन्ह आणि त्याला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ टाइप करा. जी फाइल तयार होते तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे मिळतात. दुसरा पहिल्याच्या साठ टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी गेली असं धरूनच बोला. कंपनीतून निघालेला लॅपटॉप असेल तर आणखी दोन गोष्टी. चालू करताना बायोसमध्ये जाऊन बघा, तिथे पासवर्ड मागितला तर घेऊ नका. आणि विंडोज रीसेट करून, नेट जोडून पहिल्यापासून सुरू करायला लावा. जुन्या कंपनीचं नाव येऊन तिचा लॉगिन मागितला, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या दावणीला बांधलेला आहे.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची परीक्षा : चार्जर लावून, तुम्हाला हवा तोच गेम, सलग वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं कुठलाही लॅपटॉप छान दिसतो. एमएसआय आफ्टरबर्नर किंवा एचडब्ल्यू मॉनिटर लावून तापमान बघा. गेमिंग लॅपटॉप नव्वदीच्या आसपास जातात, त्याने घाबरू नका. पण प्रोसेसर 95 च्या वर चिकटून बसला आणि साठ फ्रेम पंचवीसवर आल्या, तर पेस्ट वाळलीय किंवा पंखा अडकलाय. स्क्रीनवर रंगीत चौकटी किंवा रेघा चमकल्या तर कार्डच आजारी आहे, त्याला औषध नाही. दुकानात एसी असेल तर घरी पाच-सात अंश जास्तच धरा. विक्रेता ‘गेम टाकलेला नाही’ म्हणाला तर पेन ड्राइव्ह किंवा पोर्टेबल डिस्कवर न्या. वीस मिनिटं द्यायला तो तयारच नसेल, तर टोकन देऊ नका.

घरातच खेळायचं असेल आणि हॉस्टेलचा प्रश्न नसेल तर लॅपटॉपचा हट्ट सोडून द्या. जुना ऑफिस डेस्कटॉप, त्यात जादा वायर न लागणारं 1050टीआय किंवा 1650, आणि साधा मॉनिटर, असा संच वीस-पंचवीस हजारांत जमतो. गरम कमी होतो, बिघडला तर गावातला मेकॅनिकही उघडतो, आणि उद्या कार्ड बदलता येतं.

घ्यायचा कुठून? ओळखीच्या सिनिअरकडून घेतलात तर इतिहास कळतो, वॉरंटी नसते. पुण्यात निवड मोठी, भावही थोडा कमी. पण तिथल्या ‘सात दिवस टेस्टिंग’चा इंदापूरकराला फारसा उपयोग नाही. एकदा परत न्यायचं म्हटलं तरी दोघांचं एसटी भाडं, जेवण आणि एक दिवस जातो. बारामतीतलं दुकान हजार-दीड हजार जास्त घेऊन महिनाभराची वॉरंटी लिहून देत असेल तर मी तिथूनच घेईन.

मूळ बिल मागा, त्यावरचा सीरियल नंबर लॅपटॉपच्या पाठीवरच्या आणि बायोसमधल्या नंबराशी जुळवा. मोबाइलचा आयएमईआय सरकारी पोर्टलवर तपासता येतो, लॅपटॉपला तशी सोय नाही. चोरीचा माल आहे हे कळत असून किंवा कळण्यासारखं असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिल हरवलं असेल तर विक्रेत्याच्या आधार कार्डाची प्रत आणि सही केलेली विक्रीची चिठ्ठी घ्या, पैसे यूपीआयने द्या.

दुकानातून घेताना ‘बिल हवं असेल तर 18 टक्के वेगळे’ असं ऐकायला मिळेल. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावरच जीएसटी भरण्याची सोय नियमांत आहे, हे त्याला शांतपणे सांगा आणि बिल घ्याच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 दुकानदाराला लागू होतो, लॅपटॉप विकणाऱ्या सिनिअरला नाही. तक्रारीसाठी हेल्पलाइन 1915. पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तिथे पहिला प्रश्न विचारतात तो बिलाचाच.