बेन्झाइतेनची बीवा

आपल्या सरस्वतीचे एक रूप जपानातही पूजिले जाते. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती तेथे पोहोचली आणि ‘बेन्झाइतेन’ झाली. तिच्या हाती वीणेऐवजी ‘बीवा’ नावाचे तंतुवाद्य असते.

1970 नंतरच्या दशकात ओसामू किताजिमा या जपानी संगीतकारांनी आपल्या एका ध्वनिमुद्रिकेस याच देवतेचे नाव दिले. त्यापूर्वी, 1971 मध्ये, त्यांनी इंग्रजी धाटणीची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. आता ते स्वदेशाच्या वाद्यांकडे वळले. पण विजेवरील गिटार आणि ताल धरणारे यंत्र त्यांनी सोडले नाही.

हा मेळ कठीण होता. यंत्र क्षणभरही थांबत नाही. बीवावादक मात्र तार छेडतो आणि तिचा नाद विरेपर्यंत वाट पाहतो. दोन नादांमधील त्या अवकाशास जपानी लोक ‘मा’ म्हणतात आणि त्यालाही संगीतच मानतात. यंत्राच्या गजरात तो बुजला, तर बीवा केवळ शोभेपुरती उरावयाची!

तथापि या वाद्यांत एक नातेही आहे. बीवाचे पडदे उंच व रुंद असतात. कंप पावणारी तार त्यांना निसटता स्पर्श करते, तेव्हा स्वराबरोबर किंचित खरखरता गुंजारव उठतो. त्यास ‘सावारी’ म्हणतात. तंबोऱ्याची जवारी ज्याने ऐकली आहे, त्यास तो मुळीच नवखा वाटणार नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीतात असा स्वर सहसा दोष समजला जातो. विजेवरील गिटार मात्र पुष्कळदा मुद्दामच खरखरीत वाजवितात.