ज्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत

बाबांच्या अंगावरून वारं गेलं त्याला आता चार महिने झाले. उजवा हात उचलत नाही, बोलणं अडखळतं. तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी मोडली नाही, आणि तरी हे. मी शिरवळच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करतो. कंपनीची बस हायवेला सोडते. तिथून घरी जाताना देवळाच्या पारावर तात्या बसलेले दिसतात. आमच्या आळीतले जुने माळकरी. बाबांच्या बरोबरीनं त्यांनी कितीतरी वाऱ्या केल्या. एका संध्याकाळी न राहवून मी त्यांच्याशेजारी टेकलो.

मी : तात्या, खरं सांगा. बाबांनी देवाचं एवढं केलं. देवानं त्यांचं काय केलं?

तात्या : बरं झालं विचारलंस. पोटात ठेवलं असतंस तर कुजलं असतं. पण आधी मला सांग, माळ घालताना बाबांनी पांडुरंगाकडून काही कबूल करून घेतलं होतं का, की मला आजार येऊ देऊ नकोस म्हणून?

मी : कबूल कशाला करून घेतील? पण भरवसा होताच की.

तात्या : अजून आहे. परवा भेटायला आलो तेव्हा डाव्या हातानं माळ चाचपत होते. भरवसा तुझा हलला आहे, आणि त्यात तुझा काही दोष नाही. आपण माळेला विम्याच्या हप्त्यासारखं धरतो. एवढे हप्ते भरले, आता क्लेम द्या. तुकोबांचं घराणं पिढ्यान्पिढ्या वारकरी. तरी १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात बायको गेली, पोरगं गेलं, धंदा बुडाला, गावातली पत गेली. वारकऱ्याचं घर वगळून दुष्काळ पुढं गेला नाही.

मी : मग त्यांनी काय केलं?

तात्या : देहूतलं पडकं विठ्ठलाचं देऊळ नीट केलं. स्वतःच्या हातानं. डोंगरावरचं चिंतन आपण सगळे सांगतो, पण मला हा कालवलेला गारा मोठा वाटतो. घर कोसळलेला माणूस भिंत लिंपत बसला होता.

मी : ते तुकोबा, तात्या. आम्ही कंपनीत पाळ्या करणारी माणसं.

तात्या : मग नोकरीतल्याच माणसाचं सांगतो. आपल्याच जिल्ह्यातले, आरफळचे हैबतबाबा. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. गावाकडे परतताना वाटेत लुटारूंनी धरून डांबून ठेवलं. परंपरा सांगते, तिथं ते हरिपाठ म्हणत राहिले. सुटल्यावर सरळ आळंदी गाठली आणि जन्म माउलींच्या सेवेत घालवला. १८३०च्या आसपास त्यांनी ज्ञानोबारायांच्या पालखीची घडी बसवली. अश्व कुठं, कुठली दिंडी पालखीपुढं, कुठली मागं, सगळं लावून दिलं. आळंदीच्या महाद्वारात त्यांच्या नावाची पायरी आहे.

मी : म्हणजे हरिपाठामुळं सुटले?

तात्या : लोक तसं सांगतात, मी नाही म्हणत नाही. पण माझं मन दुसरीकडं अडकतं. डांबलेल्या माणसाला आपण सुटणार की नाही हे कुठं ठाऊक असतं? कोंडलेल्या अंधारात दिवस मावळला आणि त्यांनी पहिला अभंग सुरू केला, तेव्हा हातात काहीच नव्हतं. सुटका झाल्यावर म्हटलेला हरिपाठ कुणालाही जमेल.

(तात्या थोडा वेळ गप्प बसले. पुलाकडून गाड्यांचा आवाज येत होता. त्यांचा थोरला मुलगा याच हायवेवर गेला, हे मला माहीत होतं. मी विचारलं नसतं. ते आपणहून बोलले.)

तात्या : पोरगा गेला तेव्हा सुतक होतं. सुतकात पूजा बंद. नामाला सुतक नसतं, पण माझ्या तोंडातून नाम निघेना. वारीला जायचं नाही असं ठरवलं होतं. तुझे बाबा आले आणि म्हणाले, पंढरपूर राहू दे, लोणंदपर्यंत तरी चल. पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, तिथं पादुकांना नदीत स्नान घालतात आणि मुक्काम लोणंदला. गेलो. तू समाजआरती पाहिलीस का कधी?

मी : गर्दीत लांबून.

तात्या : जवळून बघ. तळावर माउलींच्या तंबूभोवती सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार चोप उंच धरतो. एका क्षणात सगळं शांत. शेजारच्याचा श्वास ऐकू येईल इतकं. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली, कुणाचं काही हरवलं, कुणावर अन्याय झाला, तर त्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत. ती वाजवत राहते. मग चोपदार तिच्याजवळ जातो, काय झालं ते ऐकून घेतो, आणि मगच टाळ थांबतात.

मी : भर समाजात?

तात्या : माउलींच्या पादुकांसमोर. त्या दिवशी आमच्या दिंडीची काही तक्रार नव्हती, दुसऱ्या कुणाची होती. त्यांचे टाळ वाजत होते आणि मी हमसून रडलो. वाटलं, इतक्या शांततेत माझीच तक्रार वाजते आहे. तू मघाशी विचारलंस ना, देवानं काय केलं? विचार. रोज विचार. नामदेव विठ्ठलाशी भांडले, जनाबाई भांडली. पण टाळ हातात ठेवून, दिंडीत उभा राहून विचार. दिंडी सोडून गेलास, तर चोपदारानं यायचं कुठं?

मी : मला तर हरिपाठही येत नाही पुरता. पाळ्यांमुळं वेळही जुळत नाही.

तात्या : एक अभंग म्हण. नेम इतका धर की वाईटातल्या वाईट दिवशीही पार पडेल. माणातल्या गोंदवलेकर महाराजांनी प्रपंच सोडा म्हणून नाही सांगितलं, प्रपंचात नाम घ्या म्हणून सांगितलं. आणि डॉक्टरांनी बाबांच्या हाताचा व्यायाम दिलाय, तो?

मी : रबरी चेंडू दाबायचा. कंटाळा करतात.

तात्या : हरिपाठाच्या वेळेलाच चेंडू दे हातात. दोन्ही नेम एका जागी.

दुसऱ्या दिवशी तात्या घरी आले. बाबांच्या उजव्या तळव्यात त्यांनी चेंडू ठेवला, वरून आपली मूठ मिटली आणि म्हणायला सुरुवात केली. बाबांना शब्द निघेनात, पण प्रत्येक कडव्याच्या शेवटी डावा हात खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटत होता. एकदाही ठेका चुकला नाही.

तेव्हापासून सात वाजता आमच्या घरी हरिपाठ होतो. सेकंड शिफ्ट असली की मी नसतो, आई म्हणते. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आता चेंडूवर थोडं वळतं. जास्त काही नाही. माझा प्रश्नही मिटलेला नाही.

तुमच्याही घरात असं काही चाललं असेल, तर पालखी लोणंदला येईल तेव्हा संध्याकाळी तळावर या. चोप वर गेला की कान देऊन ऐका, कुठल्या दिंडीचे टाळ अजून वाजत आहेत.